छप्पर असलेले जुने लाकडी पूल बघायला मुद्दाम जावं का? (इंडियाना, ऑक्टोबर)

फोंडेकर_काकू

नमस्कार मंडळी. चतुर्थी आटोपली की आम्ही दोघं मुलीकडे इंडियानापोलिसला चाललोय, दिवाळीच्या आत परत. जावईबापूंनी ऑक्टोबरमध्ये एक ट्रिप ठरवलीय, पार्क काउंटी म्हणून काहीतरी आहे तिकडे, तिथले छप्पर असलेले जुने लाकडी पूल बघायचे आणि त्याच वेळी तिथं कसलासा फेस्टिवल पण असतो म्हणे. फोटो पाठवलेत त्यांनी, लाल रंगाचं लांबच लांब गोठ्यासारखं काहीतरी नदीवर बसवलंय आणि त्यातून गाडी जाते. फोटोत छान दिसतं, पण आमच्या घरी लगेच दोन पार्ट्या झाल्या. मिस्टर म्हणतात पुलात काय बघायचंय, पणजीला जाताना ट्रॅफिकात अडकून एकाला लागून तीन तीन पूल बघतोच की, त्यापेक्षा शिकागो करू. मला लहान गावं बघायला आवडतात, मोठी शहरं सगळी सारखीच वाटतात मला.

तर कोणी गेलंय का तिकडे? खरंच बघण्यासारखं आहे की नुसतं फोटोपुरतं? किती पूल बघावेत, का एक बघितला की सगळे बघितले? मिस्टरांचा गुडघा दुखतो, जास्त चढउतार चालणार नाही. आणि आम्ही बीफ खात नाही, माझा सोमवार पण असतो, तर खाण्याचं काय ते पण सांगा. आणि हो, पुलाला मुळात छप्पर कशाला? पावसात माणसं भिजू नयेत म्हणून का? जावयांना विचारलं तर ते म्हणाले बर्फामुळे असेल.

म्हापसा_टू_इंडी

काकू नक्की जा. मी इंडीतच असतो, मूळ म्हापशाचा. दर वर्षी गावाकडून कोणी ना कोणी येतं आणि त्यांना घेऊन माझी तिकडे फेरी होतेच, त्यामुळे जरा डिटेलमध्ये सांगतो.

पार्क काउंटी इंडीच्या पश्चिमेला, साधारण ९५-१०० किलोमीटर, तास-सव्वातासाचा रस्ता. ३१ जुने पूल आहेत तिथं, एकाच काउंटीत, म्हणून ते स्वतःला जगाची कव्हर्ड ब्रिज राजधानी म्हणवून घेतात. रॉकव्हिल हे तिथलं मुख्य गाव, मध्ये कोर्टहाऊस, चारी बाजूंनी दुकानं, अमेरिकेतल्या जुन्या काउंटी टाऊनचा नेहमीचा नकाशा. फेस्टिवल १९५७ पासून चालू आहे, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी सुरू होतो आणि दहा दिवस चालतो. लक्षात घ्या की फेस्टिवल एका ग्राउंडवर नसतो, आख्ख्या काउंटीत गावागावात विखुरलेला असतो, आणि पूल बघायला रॉकव्हिलपासून वेगवेगळ्या रंगांचे रूट आखून दिलेले आहेत, लाल निळा पिवळा असे, एकेका रूटवर पाच-सहा पूल येतात. सगळे ३१ बघायच्या फंदात पडू नका, जावई पडले तर त्यांना आवरा. एक रूट घ्या, बस्स.

आता गर्दीचं. शनिवार-रविवारी जाऊ नका, नाही म्हणजे नाही. मॅन्सफिल्ड नावाचं एक टीचभर गाव आहे, एरवी चिटपाखरू नसतं, फेस्टिवलला तिथं एवढे स्टॉल लागतात की विचारू नका, नुसती जत्रा, खाजं तेवढं नाही. शनिवारी त्या गावात शिरायलाच तास जातो, रस्ता एकेरी, दोन्ही बाजूला मक्याची शेतं आणि मध्ये आपण. पार्किंग लोकांच्या शेतात, त्याचे पैसे घेतात, रोख घेतात. स्टॉलवाले पण बरेच रोखच मागतात आणि नेटवर्क गर्दीत झोपतं, तेव्हा सुटे डॉलर घेऊनच निघा. मंगळवार-बुधवार बेस्ट.

मला विचाराल तर मॅन्सफिल्डपेक्षा ब्रिजटन बरं. तिथं पूल, पुलाच्या शेजारी बांधावरून पडणारं पाणी, काठावर जुनी पिठाची गिरणी, आणि ती गिरणी अजून चालू आहे, दगडावर दळलेलं मक्याचं पीठ विकतात. हे सगळं शंभर पावलांच्या आत, म्हणजे काकांच्या गुडघ्याचा प्रश्नच नाही, आणि पुलावरून चालत जाता येतं, आत शिरल्यावर खालच्या पाण्याचा आवाज आणि लाकडाचा वास, ते फोटोत येत नाही.

छपराचं कोणीतरी जाणकार सांगेल, इथं एक ओव्हरसियर काका आहेत, ते कुठं आहेत सध्या?

निवृत्त_ओव्हरसियर

आलो आलो. आख्खं आयुष्य रस्ते-पूल-मोऱ्या करण्यात गेलं, आता नातवंडांना शाळेत सोडतो, तेव्हा वेळच वेळ आहे.

काकू, छप्पर माणसांसाठी नाही आणि बर्फासाठीही नाही. छप्पर लाकडासाठी. त्या पुलाचं खरं अंग म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लाकडी कैच्या, ट्रस म्हणतात ते. सगळा भार ते दोन ट्रस पेलतात. मोठमोठे वासे, एकमेकांत खाचा मारून आणि खुंट्या ठोकून जोडलेले. आता उघड्यावरच्या लाकडाचं काय होतं ते गोव्यातल्या माणसाला मी काय सांगू, पावसानं भिजायचं उन्हानं सुकायचं परत भिजायचं, आणि पाणी सगळ्यात जास्त साचतं ते नेमकं सांध्यात, खाचेत, जिथं पुलाचा सगळा जीव असतो तिथं. तिथून कूज सुरू होते. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत, फार तर वीस वर्षांत मोडीत निघायचा. त्यावर छप्पर टाकलं आणि बाजूंनी फळ्या मारल्या की तोच पूल शंभर वर्षं काढतो. छपराच्या फळ्या स्वस्त, त्या खराब झाल्या की काढून दुसऱ्या मारा, आतल्या ट्रसला हात लावायला नको. एवढंच गणित आहे. अमेरिकेतला पहिला असा पूल फिलाडेल्फियाला १८०५ मध्ये झाला, मग लोकांना ते पटलं आणि शेकड्यांनी, हजारांनी बांधले गेले. आज सगळे मिळून हजाराच्या आतच उरलेत, त्यात पेनसिल्व्हेनियात सगळ्यात जास्त.

बर्फाचं जावई म्हणतात ते उलट आहे बघा. हिवाळ्यात तिकडे घोडे लावलेल्या घसरगाड्या चालायच्या, त्या बर्फावरून घसरतात, आणि पुलाच्या आत छपरामुळे बर्फच पडायचा नाही, कोरडी फळी. मग गाडी अडकायची. म्हणून गावानं माणूस ठेवायचा आणि तो बाहेरचा बर्फ फावड्यानं उचलून पुलाच्या आत पसरायचा. बर्फ काढायला नाही, घालायला पगार! मला ही गोष्ट कळली तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटलोय, घरच्यांना पाठ झालीय.

पार्क काउंटीतले बरेचसे पूल बर ट्रसचे आहेत. थिओडोर बर म्हणून एक होता, त्यानं १८१७ मध्ये पेटंट घेतलं. साध्या लाकडी ट्रसला जोडून एक मोठी लाकडी कमान घालायची, दोन्ही मिळून भार घेतात. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना बघा, खालपासून वर चढत जाऊन परत खाली उतरणारी ती कमान लगेच दिसते. दुसरा प्रकार टाउन लॅटिस, १८२०चं पेटंट, त्यात साध्या फळ्या आडव्यातिडव्या जाळीसारख्या, कुठलाही गावचा सुतार करू शकेल असा, मोठे वासे नकोत, म्हणून तो न्यू इंग्लंडकडे फार चालला. काकांना सांगा की पूल बाहेरून बघायचा नसतो, आत उभं राहून वर आणि बाजूला बघायचं. बाहेरून गोठाच दिसणार.

आणि दारावर लिहिलेलं वाचा. पार्क काउंटीच्या बऱ्याच पुलांवर पाटी रंगवलेली असते, पुलावरून घोडा चालवत न्या, म्हणजे दौडवू नका. दौडणाऱ्या टापांचा एका तालात धक्का बसतो तो लाकडी पुलाला सोसत नाही. व्हर्मांट आणि न्यू हॅम्पशायरच्या मध्ये कनेक्टिकट नदीवर १८६६चा एक पूल आहे, कॉर्निश-विंडसर, साधारण १३७ मीटर लांब, त्याच्यावर तर दोन डॉलर दंडाची पाटी आहे. आज त्याच्यावरून मोटारी जातात, पाटी तशीच.

चिरेबंदी

मी जरा वेगळं बोलतो, राग नको. मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला असताना असले पूल बघितलेत, पहिला भारी वाटला, दुसरा बरा वाटला, तिसऱ्याला मुलं गाडीतून उतरली नाहीत. तीस मीटरचं लाकडी खोकं ते, त्यात काय एवढं. अमेरिकेकडे चारशे वर्षं जुनं काही नाही म्हणून ते दीडशे वर्षांच्या खोक्याला डोक्यावर घेऊन नाचतात आणि आपण विमानाचे पैसे भरून त्यांच्या नाचात सामील होतो.

आपल्याकडे पणजीहून रायबंदरला जाणारा रस्ता, ज्याच्यावरून आपण रोज हॉर्न वाजवत जातो, तो मुळात पूल आहे हे किती लोकांना माहीत आहे? पोन्ते द लिन्यारिस. व्हाईसरॉय काउंट ऑफ लिन्यारिसच्या काळात, १६३० च्या दशकात, खाजणातून आणि मिठागरातून तीन किलोमीटरच्या वर चिऱ्यांचा बांधलाय, खाली कमानी ठेवल्यात भरतीचं पाणी ये-जा करायला. जवळजवळ चारशे वर्षं झाली आणि आज त्याच्यावरून बसेस जातात. ना छप्पर ना लाल रंग ना फेस्टिवल. तिथं थांबून कोणी फोटो काढत नाही कारण मागचा हॉर्न मारतो.

आणि ब्रिजटन ब्रिजटन करताय, तो पूल जुना नाही हो. मूळचा १८६८चा, तो २००५ मध्ये कुणीतरी जाळला. आत्ता जो आहे तो २००६चा. म्हणजे माझ्या स्कूटरपेक्षा नवीन. त्याला ऐतिहासिक म्हणायचं?

म्हापसा_टू_इंडी

@चिरेबंदी पात्रांव, जाळला हे बरोबर आणि नवा २००६चा हेही बरोबर. पण पुढचं सांगा की. पूल जळाला आणि गावातल्या लोकांनी वर्गणी गोळा केली, लाकूड आणलं, स्वतः कामाला उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी तसाच पूल त्याच जागी परत उभा केला. टीचभर गाव आहे ते, वाडा म्हणा. त्यांना गरज काय होती? रहदारीला तर शेजारून वेगळा रस्ता आहे. गरज ही होती की पूल नसेल तर गिरणीकडे कोण येणार, फेस्टिवलला कोण येणार, त्या दहा दिवसांत चर्चवाल्या बायका जेवणं विकतात, फायर ब्रिगेडवाले पार्किंग लावतात, त्यावर त्यांचा वर्षाचा खर्च निघतो. पूल त्यांच्या पोटाशी बांधलेला आहे, म्हणून तो परत उभा राहिला. आयोवात मॅडिसन काउंटीत पण तेच, सीडर ब्रिज २००२ ला जाळला, परत बांधला, २०१७ ला परत जाळला, परत बांधला. तिकडे एकेकाळी १९ होते, सहा उरलेत, त्या सहांना ते जिवापाड जपतात.

आता आपल्याकडे बघा. सावर्डे-कुडचडेचा पोर्तुगीज काळातला जुना पादचारी पूल. वापरायला बंद करून ठेवलेला, दुरुस्ती नाही आणि पाडलाही नाही, नुसता उभा. मे २०१७ मध्ये कुणीतरी नदीत उडी मारली म्हणून शोधकार्य बघायला लोक त्याच्यावर गोळा झाले आणि तो कोसळला, माणसं पाण्यात. तो पूल कुणाच्याच पोटाशी बांधलेला नव्हता ना. मला तरी हा फरक वाटतो. चारशे वर्षं आणि दीडशे वर्षं हा नव्हे.

निवृत्त_ओव्हरसियर

चिरेबंदी यांना नम्रपणे सांगतो, लाकडी पुलात मूळ लाकूड किती हा प्रश्नच थोडा फसवा आहे. जो पूल जळला नाही त्याच्या पण फळ्या, छप्पर, खालची चाल, सगळं दर काही वर्षांनी बदलतच असतं, कधीकधी ट्रसचे वासेसुद्धा. आणि आपण गोव्याची माणसं हा हिशोब कशाला लावतो? मंगेशीचं देऊळ मूळ कुशस्थळीला, सोळाव्या शतकात देव पालखीतून नदीपलीकडे प्रियोळला आणला, पुढं देऊळ कितीदा वाढवलं, बदललं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. म्हणून मंगेश जुना नाही असं कोणी म्हणतं का?

जुनाच अंगानं जुना पूल हवा असेल तर पार्क काउंटीत वेस्ट युनियन आहे, १८७६चा, ९६ मीटरच्या आसपास लांब, मधल्या खांबावर दोन गाळे. तो राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक आहे. त्याच्यावर आता गाड्या सोडत नाहीत. आणि जॅक्सन ब्रिज १८६१चा, एकाच गाळ्यात साठ-एक मीटर ओलांडतो, मध्ये खांब नाही, निव्वळ लाकूड. कैच्या-कमानी बघून मला जो आनंद होतो तो सगळ्यांना होईलच असं नाही, पण साठ मीटर लाकडावर म्हटल्यावर कुठलाही ओव्हरसियर टोपी काढील.

आपल्याकडे लाकडी पूल का टिकले नाहीत ते पण याच्यातच आहे. आपल्याकडे साकव. पोफळीचे नाही तर माडाचे सोट ओहोळावर टाकायचे, एका बाजूला धरायला बांबू, आणि पावसात वाहून गेला की पुढच्या वर्षी परत घालायचा. सोट फुकट, मनुष्यबळ गावचं. वाळवी आहे, पाऊस आहे, तेव्हा टिकवायच्या भानगडीत कोण पडतो. आणि जिथं टिकाऊ हवं तिथं हाताशी चिरा होताच, खण काढायचा आणि कमान घालायची. इंडियानात जंगल दारात, सुतार गावोगाव. ज्याच्याकडे जे होतं त्यानं त्याचा पूल बांधला.

@फोंडेकर_काकू आणि फोंड्याच्या माणसानं तरी पुलात काय बघायचंय म्हणू नये! डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज मागं हटताना बाणस्तारीचा आणि बोरीचा पूल उडवून गेले. म्हणजे फोंड्याहून पणजीला जायची वाट पण तुटली आणि मडगावची पण. आपलं सैन्य फोंड्यात आलं आणि पुढं नदी. काकांच्या वडिलांच्या पिढीला विचारलं असतं तर त्यांनी पुलात काय असतं ते सांगितलं असतं.

रायबंदरची_पोर

चिरेबंदी काका, मी त्याच लिन्यारिस पुलाच्या एका टोकाला राहते, आणि मी तिथं थांबून फोटो काढते हं, पहाटे. सकाळी सहाला कोणी हॉर्न मारत नाही. मिठागरांच्या बाजूला बगळे असतात आणि भरती असेल तर पाणी एकदम रस्त्याला लागून दिसतं.

मला एक विचारायचं होतं, आम्ही काय लवकर अमेरिकेला जाणार नाही, तर इथल्या इथं गाडी काढून असा पूल आणि लहान गावं टाइपचा एक दिवस होऊ शकतो का? बेळगावहून मावशी येणारे, तिला बीच नको, देवळं पण तिची सगळी झालीत.

चिरेबंदी

@रायबंदरची_पोर आता कसं बोललीस. मावशीला सकाळी तुमच्याच पुलावरून ने, मग रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण. सलीम अली पक्षी अभयारण्य तिथंच धक्क्याला लागून आहे, कांदळवनात, ओहोटीला जा. चोडणहून दुसरी फेरी पोंबुर्प्याला, तिथून हळदोणे. हळदोण्याहून खोर्जुव्याला जायला केबलवाला पूल आहे, मांडवीवर अटल सेतू व्हायच्या कितीतरी आधी झालेला, लहानसा पण नजर लागेल असा, खाली नदी आणि दोन्ही काठांना माड. पलीकडे खोर्जुव्याचा किल्ला, १७०५चा, चिऱ्यांचा, एवढुसा आहे, अर्ध्या तासात फिरून होतो, तटावरून चारी बाजू दिसतात. तिकीट नाही, गर्दी नाही. दुपारी हळदोण्यात पोई आणि काहीतरी. फेरीची वेळ एकदा धक्क्यावर विचारून घे, दुपारी कधीकधी खोळंबा होतो.

फेरीबोट पण याच धाग्यात बसते असं मी म्हणेन. आमच्या लहानपणी नदी ओलांडायची म्हणजे फेरीच. मांडवीवर नेहरू पूल झाला, तो जुलै १९८६ मध्ये पडला आणि परत सगळं पणजी-बेती फेरीवर आलं, आठवत असेल म्हापसेकरांना.

आणि इंडीवाले, तुमचा सावर्ड्याचा मुद्दा मला लागला. मान्य नाही म्हणत नाही. पण आपल्याकडे पुलाला पोटाशी बांधायचं म्हणजे काय करतात माहिताय ना? वर लायटिंग, खाली कॅसिनोची जेटी. तसं होण्यापेक्षा हॉर्न बरा.

म्हापसा_टू_इंडी

हा हा, त्याला उत्तर नाही. १९८६ आठवतं तर. बेतीच्या धक्क्यावर रांगेत उभं राहून शाळेची परीक्षा चुकणार होती माझ्या ताईची.

सावंतवाडी_एक्सप्रेस

मध्येच घुसतोय. ज्यांना अमेरिका जमणार नाही पण छप्परवाला पूलच बघायचाय त्यांनी भूतान करा. पारोला रिनपुंग झोंगच्या (झोंग म्हणजे त्यांचा किल्ल्यासारखा मठ) खाली न्यामाई झाम म्हणून आहे, आणि पुनाखाला झोंगसमोर नदीवर आहे तो २००८ मध्ये पारंपरिक पद्धतीनं परत बांधलेला, जुना पुरात गेला होता. दोन्ही टोकांना मनोरे, मध्ये छप्पर, पताका. भारतीयांना व्हिसा लागत नाही, माणशी रात्रीला १२०० रुपये त्यांची फी आहे ती धरा. आणि युरोपला जाणाऱ्यांसाठी ल्युसर्नचा चौदाव्या शतकातला, तोही १९९३ ला बराचसा जळाला आणि वर्षभरात परत उभा केला. जळणं आणि परत बांधणं हे या पुलांच्या पत्रिकेतच दिसतं.

फोंडेकर_काकू

अगो बाई, एवढं लिहिलंत सगळ्यांनी! सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. मिस्टरांना ओव्हरसियर काकांचं वाचून दाखवलं. बोरीच्या पुलाचं ऐकल्यावर गप्प झाले, मग म्हणाले आमचे बाबा सांगायचे, आणि आता स्वतःच जावयाला फोन करून जॅक्सन ब्रिज बघायचाच म्हणतायत. बर्फ घालणाऱ्या माणसाची गोष्ट पण त्यांना फार आवडली, सकाळपासून दोनदा मलाच सांगून झाली.

आम्ही मंगळवार ठरवतोय, म्हणजे माझा सोमवार पण अडत नाही. पण खाण्याचं राहिलंच. आणि थंडी कितपत असते? मुलगी म्हणते टर्की रन म्हणून एक पार्क आहे तो पण त्याच दिवशी करू, तो गुडघ्याला झेपेल का?

इंडियानाची_सून

काकू मी सांगते, मी पण इथलीच, माहेर डिचोली.

खाणं: फेस्टिवलला तळलेलं आणि गोड रग्गड. फनेल केक म्हणजे पीठ तेलात गोल गोल सोडून वर पिठीसाखर, एलिफंट इअर म्हणजे मोठी तळलेली पोळी दालचिनी-साखर लावलेली, भाजलेलं मक्याचं कणीस, सफरचंदाचं अॅपल बटर (नावात बटर आहे पण लोणी नसतं, आटवलेला जॅमच तो). पर्सिमॉन पुडिंग मिळालं तर सोडू नका, इंडियानाची खासियत आहे, आपल्याकडे टेंबुर्णीचं झाड असतं ना त्याच्याच जातीतलं फळ, आणि वास थोडा मसाल्याचा. बीन्सचं मोठं पातेलं चुलीवर शिजताना दिसेल, छान दिसतं पण त्यात हॅम असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. बर्गर बीफचाच धरून चाला. शाकाहारी पोटभर जेवण असं काही मिळत नाही, मी तर पोळीभाजी आणि दहीभात डब्यात घालूनच निघते, पुलाशेजारी गवतावर बसून खाल्लं तर कोणी काही म्हणत नाही. सासूबाईंना तर त्या ट्रिपमधलं तेवढंच आवडलं होतं.

थंडी: सकाळी स्वेटर आणि वर जॅकेट, दुपारी जॅकेट हातात. सूर्य पण उशिरा उगवतो त्या दिवसांत, आठच्या सुमारास, तेव्हा लवकर निघून उपयोग नाही. पानांचा रंग महिन्याच्या मधल्या आठवड्यांत चढतो, वर्षावर्षाला मागेपुढे.

टर्की रन: पार्क सुंदर आहे, पण वाटा दगडांतून, ओढ्यातून, काही ठिकाणी शिड्या आहेत. काकांना त्या वाटांवर नेऊ नका, आणि झुलत्या पुलाला पण पायऱ्या आहेत. पण पार्कातच नॅरोज ब्रिज आहे, १८८२चा, शुगर क्रीकवर, तो रस्त्यापासून अगदी जवळ, तिथं ते बसतील, पाणी खडकांतून अरुंद होऊन जातं ते बघत, तोवर तुम्ही आणि मुलगी एक लहान ट्रेल करून या. आत गाडीला एंट्री फी लागते.

रस्त्यात घोड्याच्या काळ्या बग्ग्या दिसतील, आमिश लोक राहतात तिकडे. गाडी हळू घ्यायला सांगा आणि त्यांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

उत्तम माहिती. काकांना म्हणावं जॅक्सनच्या आत गेल्यावर कमान जिथं काठाच्या दगडी बांधकामावर टेकते तो सांधा बघा आणि त्याचा एक फोटो मला इथं टाका. बाहेरचा नको, सांध्याचा.

फोंडेकर_काकू

टाकते हो. सून बाय, दहीभाताचं डोक्यातच नव्हतं आलं, थँक्यू. एकच शेवटचं, तो रूटचा नकाशा मुलीनं आधी प्रिंट करून घ्यायचा का?

म्हापसा_टू_इंडी

घ्या प्रिंट, फोनवर विसंबू नका, पुलांच्या बाजूला रेंज जाते. नाहीतर आधी रॉकव्हिलला थांबून कागदी नकाशा घ्या आणि तिथंच बाथरूम पण उरकून घ्या, पुढं सगळीकडे तात्पुरते प्लास्टिकचे आहेत आणि दुपारनंतर त्यांच्याकडे बघवत नाही.